ढिली तार आणि ताणलेली तार

शास्त्रपाठ : यशया ३३:२०-२४, गलतीकरांस ६:१-५



यशया संदेष्ट्याच्या तेहतिसाव्या अध्यायात एका तारवाचे चित्र आहे. त्याचे दोर सैल पडल्यामुळे डोलकाठीला आधार राहिला नाही, आणि शीड उभारणे अशक्य झाले. तारू खडकावर आपटलेले नाही, त्याच्या तळाला भोकही पडलेले नाही. फक्त दोर सैल झाले, आणि तेवढ्याने तारू निकामी झाले.

आपल्यापैकी पुष्कळांनी शिडाची नौका चित्रातच पाहिली असेल. गोव्याच्या वाचकांना मात्र ती परकी नाही. तेथेच बांधलेल्या ‘तारिणी’ या सुमारे ५५ फुटी नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा दूरच्या प्रवासाच्या नौकेवर तारांचा ताण कसा जुळवतात, हे समजून घेतले तर संदेष्ट्याचे चित्र आपल्याला अधिक कळेल.

आपण तिला डोलकाठी म्हणतो खरे, पण तिने डोलू नये यासाठीच सारी खटपट असते. तिला पुढून एक तार धरते, मागून एक धरते, आणि दोन्ही अंगांच्या तारा तिला सरळ ठेवतात. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल नावाचा स्क्रू असतो. तो फिरवून ताण कमीजास्त करतात. हे काम प्रथम बंदरात, स्थिर पाण्यात होते. डोलकाठीच्या शेंड्यापासून दोन्ही बाजूंचे अंतर फितीने मोजतात आणि ती मधोमध आणतात. मग एका बाजूला जितके फेरे, तितकेच दुसऱ्या बाजूला.

ताण किती द्यावा? तार ढिली राहिली तर प्रत्येक लाटेसरशी डोलकाठीला हिसका बसतो आणि धातू थकत जातो. फार आवळली तर डोलकाठी खाली दाबली जाते व नौकेचा सांगाडाच वाकू लागतो. बाजूच्या मुख्य तारांना त्या तुटतील अशा भाराच्या साधारण १५ ते २० टक्केच ताण देतात. बाकीची शक्ती वाऱ्यासाठी राखलेली असते. ज्या सेवकाची सारी शक्ती आपण साध्या दिवसांतच खर्चून टाकतो, त्याच्यापाशी परीक्षेच्या दिवसासाठी काय उरेल?

परंतु खरी जुळणी बंदरात पुरी होत नाही. मध्यम वाऱ्यात शीड उभारून नौका बाहेर नेतात. ती एका अंगाला कलते. वाऱ्याकडच्या तारा ताठ होतात, पलीकडच्या सैलावतात. थोड्या सैलावणे स्वाभाविकच आहे. त्या लोंबकळू लागल्या तर मात्र ताण कमी आहे असे समजावे. आता जाणता नाविक पाना कोणत्या तारेला लावतो? ताठ तारेला नव्हे. तिच्यावर भार असताना स्क्रू फिरवला तर त्याचे आटे खराब होतात. तो सैल बाजूला जातो, फेरे मोजून ती तार आवळतो, मग नौका वळवून वारा दुसऱ्या अंगावर घेतो आणि आता सैल झालेल्या तारेलाही तितकेच फेरे देतो.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांत आपण नेमके उलट करतो. जी भगिनी शब्बाथ शाळा घेते, तिलाच गायनवर्ग, तिलाच आजाऱ्यांच्या भेटी, आणि नाताळचा कार्यक्रम आला की तोही तिलाच. ताठ तार डोळ्यांत भरते, म्हणून आपला पाना तिलाच लागतो. एके दिवशी ती तुटते, आणि आपण म्हणतो, “तिचा आवेश ओसरला.”

आणि सैल तारेचे काय? आपण तिला निरुपयोगी ठरवतो. उपासनेला न येणाऱ्या भावाचे नाव यादीतून काढावे असे आपल्या सभांतून बोलले जाते. पण ती तार सैल आहे, कारण वारा सध्या दुसऱ्या बाजूचा आहे. तिला सोडून द्या, आणि नौका वळली की त्याच क्षणी डोलकाठी कोसळेल. घरातील दुखण्याने वा बदलीने मागे पडलेला हा भाऊच कदाचित उद्या, जेव्हा आज झटणारे थकतील, मंडळीचा भार पेलणार आहे.

पौलाने गलतीकरांना एकाच ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या : एकमेकांचे भार उचलावेत, आणि प्रत्येकाने आपला भारही वाहावा. दोन्ही अंगांच्या तारांसाठी ही शिकवण आहे. थकलेल्याचे ओझे उतरवणे ही प्रीती आहे. सैल पडलेल्याला पुन्हा काम सोपवणे हीही प्रीतीच आहे.

म्हणून या महिन्यात पंचांनी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मिळून मंडळीच्या नावांची यादी वाचावी. ज्याच्यावर तीन कामे आहेत, त्याचे एक काढून घ्यावे. ज्याच्यावर एकही नाही, त्याच्या घरी जावे, जाब विचारायला नव्हे तर ते काम प्रेमाने त्याच्या हाती द्यायला. एकदम फार आवळू नये. नाविकाप्रमाणे फेरे मोजून द्यावेत. मग वारा कोणत्याही बाजूने येवो, आपली डोलकाठी उभी राहील आणि शीड भरेल.

प्रभू आपणांस यासाठी ज्ञान व धीर देवो. आमेन.