प्रवासातील वस्त्रे आणि अपरिग्रह

तीन दिवस परगावी जावयाचे तर बरोबर किती कपडे घ्यावेत, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे असे कोणी म्हटले तर वाचकांस हसू येईल. पूर्वी आम्हांसही आले असते. पण मनुष्याच्या स्वभावाची परीक्षा जशी मोठ्या प्रसंगी होते, तशीच ती पिशवी भरतानाही होते, असे अनुभवान्ती आमचे मत झाले आहे. आणि ते आम्हांस फुकट मिळालेले नाही, म्हणून येथे मांडतो.

आम्ही जांबोटीचे. घाटमाथ्यावरील या रानात पावसाळ्यात वाळत घातलेले धोतर आठवडा आठवडा वाळत नाही, आणि ऐन वैशाखातही पहाटे अंगावर काही ओढून घ्यावेसे वाटते. त्यामुळे इकडच्या माणसाच्या मनात कपड्यांविषयी एक कायमची धास्ती असते. न जाणो, भिजलो तर? न जाणो, गारठलो तर? ‘असू दे एक जादा,’ हे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे पालुपद.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही मुंबईस निघालो. कामे तीन होती : चुलत पुतणीचा साखरपुडा, एका दिवंगत स्नेह्याच्या घरी समाचारास जाणे, आणि वाळकेश्वरास बाणगंगेवर देवदर्शन. तीन दिवसांसाठी दोन भल्यामोठ्या बॅगा झाल्या. गाडीत आम्ही पातंजल योगसूत्रांवरील एक विवरण वाचीत होतो. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह या पाच यमांपैकी शेवटच्या यमापाशी आलो असता गाडी मुंबईस पोहोचली. एका वृद्ध हमालाने दोन्ही बॅगा उचलल्या. एक डोक्यावर, एक हातात. आणि मागून मोकळ्या हातांनी, काखेत अपरिग्रहाचे पुस्तक घेऊन आम्ही! जिना चढताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, “साहेब, बरेच दिवस राहणार वाटतं?” “तीन दिवस,” असे आम्ही म्हणालो. त्यावर तो काही बोलला नाही. त्याने काही बोलावयास हवे होते, म्हणजे आम्हांस उत्तर तरी देता आले असते. परत आल्यावर मोजले, तेव्हा अकरा कपड्यांपैकी पाच वापरले होते. उरलेल्या सहांनी फक्त त्या म्हाताऱ्याच्या मानेचा उपयोग करून घेतला होता.

पुढील वर्षी पुन्हा मुंबईस जाण्याचा प्रसंग आला. या खेपेस आम्ही दुसरे टोक गाठले. अंगावर एक जोड आणि पिशवीत एक. आपण केवढे विरक्त झालो, या समाधानात आम्ही भावाच्या घरी उतरलो. मुंबईचा उन्हाळा घामाचा. सकाळचा झब्बा दुपारी अंगाला चिकटला. पण काळजी कसली? रात्री उतरवून ठेवलेले कपडे सकाळी धुऊन, इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेले असत. तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली आणि न्हाणीघरातून कपडे आपटल्याचा आवाज आला. त्या चाळीत नळाला पाणी पहाटे थोडा वेळ येई. वहिनी पिण्याचे पाणी भरून झाल्यावर उरलेल्या वेळात आमचा झब्बा धूत होत्या. मग डबे करून त्यांना स्वतःच्या नोकरीवर आठच्या गाडीने जावयाचे होते. आम्ही ओशाळून काही बोललो, तर त्या हसून म्हणाल्या, “असू दे हो भावोजी. तुम्ही सामान कमी आणलंत, म्हणून तुमचे दादा कौतुक करत होते.”

आमचा अपरिग्रह दोन दिवस वहिनींच्या हातांवर उभा होता.

वकिलीच्या व्यवसायात एक गोष्ट आम्ही शिकलो आहोत. बोजा नाहीसा झाला असे जेथे दिसते, तेथे तो बहुधा दुसऱ्याच्या नावावर चढलेला असतो. म्हणून नुसत्या सातबाऱ्यावर न थांबता फेरफार पाहावा लागतो. कपड्यांचेही तसेच आहे. ‘मी किती थोडे घेतले?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘मी जे घेतले नाही, त्याचा भार कोणावर पडला?’ हा त्याचा उत्तरार्ध. पहिल्या खेपेस आमचे ओझे हमालाने वाहिले, दुसऱ्या खेपेस वहिनींनी. पहिल्यास निदान मजुरी मिळाली. दुसऱ्या खेपेस तर आम्ही वर कौतुकही घेतले.

या बाबतीत गांधीजींचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते अर्धेच दिले जाते. १९२४ साली बेळगावास जे काँग्रेसचे अधिवेशन भरले त्याचे ते अध्यक्ष होते. त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. तत्पूर्वी तीन वर्षे, सप्टेंबर १९२१ मध्ये, मदुराईस त्यांनी पंचा धारण केला होता. त्यामागे वस्त्रांचा तिटकारा नव्हता. गरिबांस पुरेशी खादी परवडत नाही, मग आपण तरी अधिक का नेसावी, हा विचार होता. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने विलायतेस जाताना सोबत्यांनी बरोबर घेतलेल्या पेट्यांचा ढीग पाहून ते संतापले, आणि त्यांतील काही सामान एडनहून परत पाठवावे लागले. पण हाच पुरुष स्वतः सूत काती, आणि आश्रमात आपले काम आपण करण्याचा नियम घालून देई. त्यांची कमी वस्त्रे आणि त्यांचे स्वतःचे श्रम ही एकाच नाण्याची दोन अंगे होती. आपण एक अंग उचलतो आणि दुसरे घरच्या बायकांकडे सोपवितो.

मग नेटकेपणाचे काय? चांगले दिसावे ही इच्छा दोषास्पद आहे काय? आमच्या मते नाही. वस्त्र हे पाहणाऱ्यांशी आपले बोलणे आहे. साखरपुड्यास मळके धोतर नेसून जाणारा ‘मी साधा आहे’ असे सांगू पाहतो, पण यजमानास ऐकू येते ते ‘तुमचा आनंद मला विशेष वाटत नाही’ असे. समाचारास भडक सदरा घालून जाणे हे त्याहून वाईट. देवळात धूतवस्त्र नेसून जाण्याचा आपला रिवाज देवाच्या सोयीसाठी नसून आपल्या मनाच्या तयारीसाठी आहे. आमच्या व्यवसायातही पाहा : सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असे बार कौन्सिलचा नियम सांगतो. म्हणजे प्रतिष्ठेसाठी घामाने निथळलेच पाहिजे असे कायद्याचेही म्हणणे नाही. शोभा आणि सुख यांची सांगड घालता येते.

ती कशी घालावी, हे आम्ही तिसऱ्या खेपेस आमच्या सौभाग्यवतींकडून शिकलो. त्यांचा नियम असा : वरचे तीन, खालचे दोन, आणि रंग असे की कोणताही कोणत्याही बरोबर शोभावा, म्हणजे पाच वस्त्रांत सहा पोशाख होतात. पांढरा, साईच्या रंगाचा, राखी. पांढरा झब्बा समाचारास चालतो, आणि त्यावरच जरीकाठी उपरणे घेतले की साखरपुड्यासही शोभतो. सुखदुःखाचे अंतर एका उपरण्याचे. कापड सुती, आणि तेही पातळ. सुतात घाम टिपण्याची शक्ती मोठी, हवेतील ओलावाच ते आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के धरते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. परंतु जाड सूत टिपलेले पाणी लवकर सोडीत नाही; म्हणून मलमल किंवा पातळ खादी घ्यावी, जी रात्री पिळून टाकली तर सकाळी घालता येते. स्वतःसाठी त्यांनी इरकली सुती साड्या दोनच घेतल्या, पोलकी तीन. जड वहाणा पायांत, हलक्या पिशवीत. आणि साबणाची एक वडी. ती विसरावयाची नाही, कारण सगळे नीतिशास्त्र तिच्यात आहे.

आता विमानाने जाणाऱ्यांस हातातील सामान बहुधा सात किलोंपर्यंतच नेता येते. सांबऱ्याच्या विमानतळावर आम्ही एक गृहस्थ पाहिले. त्यांनी काटा चुकविण्यासाठी भर उन्हात दोन सदरे आणि वर कोट चढविला होता. नियम पाळला गेला, पण संयम घडला नाही. कायदा वजन मोजतो. हाव मोजण्याचा काटा त्याच्यापाशी नाही. तसेच, मोजकेच कपडे पण प्रत्येक नवा व महागडा, प्रवासासाठी म्हणून मुद्दाम घेतलेला, अशा साधेपणाचीही आजकाल हौस दिसते. त्यात संख्या घटते, आसक्ती मात्र जागच्या जागी राहते. घरात जे आहे त्यातूनच निवडणे हा आमच्या मते अधिक प्रामाणिक मार्ग.

तेव्हा आमची कसोटी एवढीच : पिशवी अशी भरावी की ती स्वतः उचलून जिना चढता यावा, आणि मुक्कामी कोणाचेही काम आपल्यामुळे वाढू नये. या दोन मर्यादांच्या आत ज्याला जितके शोभून दिसता येईल, तितके त्याने खुशाल दिसावे.

तिसऱ्या खेपेस रात्री वहिनींनी विचारले, “भावोजी, धुवायचे कपडे कुठे आहेत?” आम्ही गॅलरीतल्या दोरीकडे बोट दाखविले. त्यांनी तिकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. सकाळी पाणी भरून झाल्यावर त्या आमच्याबरोबर चहाला बसल्या. इतक्या वर्षांत त्या घरी आम्ही किती वेळा उतरलो असू. पण वहिनींना पहाटे बसून चहा घेताना आम्ही प्रथमच पाहत होतो.