पट्ट्याचे वय आणि विक्रेत्याचे मौन

आपल्या मालकीच्या वस्तूत असा एखादा दोष आहे की जो डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, आणि तरीही एके दिवशी तो त्या वस्तूचा नाश करील हे आपण जाणतो. ती वस्तू विकताना हा दोष गिऱ्हाइकाला सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे काय? नीतिशास्त्रातील हा प्रश्न फार जुना आहे. आम्ही तो येथे एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने मांडीत आहोत, कारण घर, गुरे आणि धान्य यांची जुनी उदाहरणे आता आपल्या अंगवळणी पडली आहेत आणि त्यांची धार बोथट झाली आहे.

जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९८०च्या दशकात ९४४ नावाची स्पोर्ट्स कार बाजारात आणली. १९९१ पर्यंत ती तयार होत होती. युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळी आजही या गाड्या जपून चालवितात. तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात पुढच्या बाजूला, झाकणाआड, दातेरी रबरी पट्टा असतो. त्यालाच टायमिंग बेल्ट म्हणतात. (आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या मारुती ८०० मध्येही असा पट्टा होता, तेव्हा हा केवळ श्रीमंतांचा विषय आहे असे वाचकांनी समजू नये.) खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकदा फिरला पाहिजे, हे प्रमाण तो पट्टा राखतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो व मिटतो. ९४४च्या इंजिनाची रचना अशी की ज्या जागेत उघडा व्हॉल्व्ह खाली उतरतो, त्याच जागेत क्षणार्धाने पिस्टन वर येतो. दोघांची गाठ पडत नाही ती केवळ पट्ट्यामुळे. पट्टा तुटला, किंवा काही दाते सरकला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि जे काम एका पट्ट्याच्या खर्चात भागले असते त्यासाठी सिलिंडर हेड उतरवावे लागते. हा खर्च पुष्कळदा जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

काही इंजिनांत पट्टा तुटला तरी गाडी नुसती बंद पडते. तेथे मालकाचा हलगर्जीपणा त्याला फक्त रस्त्यात उभा करतो. येथे मात्र तोच हलगर्जीपणा सर्वनाश घडवितो. कृती एकच, परंतु तिचे नैतिक वजन परिणामाच्या अंदाजाने बदलते.

आता या पट्ट्याचा स्वभाव पाहावा. ब्रेकचे पॅड झिजले की ओरडतात, टायर गुळगुळीत झालेला दिसतो. पट्टा बहुधा काहीच सांगत नाही. शिवाय तो धावण्याने झिजतो तसा नुसत्या काळानेही म्हातारा होतो. गॅरेजमध्ये दहा वर्षे झाकून ठेवलेली, फार थोडी धावलेली गाडी म्हणून अधिक धोक्याची असू शकते. जाणकार चार-पाच वर्षे किंवा ५०,००० ते ७०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मर्यादा पाळतात. त्याच्या सोबतीला आणखी एक पट्टा असतो. इंजिनाची थरथर शमविणारे दोन शाफ्ट तो क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने फिरवितो. हा धाकटा तुटून थोरल्यात गुंतला तर थोरल्यालाही घेऊन जातो. पाण्याचा पंपही टायमिंग बेल्टच्याच पाठीवर फिरतो. तो अडकला की पट्टा गेला. पुढच्या ऑइल सीलमधून तेल झिरपले की रबर खराब होते. म्हणून चांगला मेकॅनिक केवळ पट्टा बदलून थांबत नाही. दोन्ही पट्टे, रोलर, सील आणि बहुधा पंपही तो एकाच वेळी बदलतो, कारण तेथवर पोहोचण्याचेच श्रम मोठे असतात. पट्ट्याचा ताणही नेमका लागतो: सैल राहिला तर दाते चुकवितो, फार ताणला तर बेअरिंगे खातो. नवा पट्टा पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरांत थोडा सैलावतो, तेव्हा ताण पुन्हा तपासावा लागतो. हे काम पाहायला कोणी येत नाही, आणि ते न करताही गाडी त्या दिवशी तितकीच छान चालते.

समजा, अशा गाडीचा मालक ती विकावयास काढतो. पट्टा आठ वर्षांचा आहे हे त्याला माहीत आहे. गिऱ्हाईक रंग पाहतो, आसने पाहतो, एक फेरी मारतो, खूश होतो. त्याने पट्ट्याविषयी विचारले नाही. मालकाने सांगावे काय?

ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात हाच वाद आहे. एक माणूस घर विकतो. घराचे लाकूड कुजके आहे, खोल्यांत साप निघतात, आणि हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. बॅबिलोनचा डायोजेनेस म्हणतो की न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. घेणाऱ्याला कोणी जबरदस्ती केली नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो की सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी यात एक उपयुक्त भेद केला: घोड्याला एकच डोळा आहे हे गिऱ्हाइकाला दिसते, ते सांगण्याची सक्ती नाही; परंतु जो दोष गुप्त आहे आणि ज्यापासून हानी किंवा धोका संभवतो, तो सांगणे भाग आहे. आमच्या मते मोटारीच्या दारावरचा पोचा हा एकाक्ष घोडा होय. पट्टा नव्हे. भर रहदारीत इंजिन अचानक बंद पडले की ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही जड होतात, तेव्हा प्रश्न पैशापुरता उरत नाही.

परंतु व्यवहारात अधिक आढळतो तो निराळाच विक्रेता. "पट्टा कधी बदलला, काही कल्पना नाही बुवा," असे तो म्हणतो, आणि ते खरे असते. मात्र ही कल्पना त्याने जाणूनबुजून येऊ दिलेली नसते. जुनी बिले चाळली असती, मेकॅनिकला विचारले असते, तर कळले असते. पण कळले असते तर सांगावे लागले असते. जपून राखलेल्या या अज्ञानाला आम्ही दोषमुक्त मानीत नाही. किंबहुना उघड खोटे बोलणारा निदान सत्याची दखल तरी घेतो! ज्या पट्ट्याचे वय ठाऊक नाही तो मुदत संपलेला समजावा, असा हौशी मालकांत प्रघात आहे. विक्रेत्याने निदान तेवढे सांगून किंमत उतरवावी.

सुधारणेचा मोहही येथे पाहण्यासारखा आहे. या इंजिनाला कारखान्याने १९८७च्या मॉडेलपासून स्प्रिंगचा ताणक दिला. आधीच्या गाड्यांत ताण हाताने, विशिष्ट उपकरणाने मोजून द्यावा लागे. अधिक बळकट धाग्यांचे पट्टेही मिळतात. असे भाग बसविण्यात आम्हाला वावगे दिसत नाही, आणि मूळ भागच ठेवले पाहिजेत हा संग्राहकांचा हट्ट न दिसणाऱ्या पट्ट्यापुरता तरी आम्हाला पटत नाही. पण बळकट पट्टा जुन्या रोलरवर बसविला तर रोलर अधिक टिकत नाही. आणि "उत्तम पट्टा घातला आहे, आता दहा वर्षे पाहायला नको," असे म्हणणारा मालक साध्या पट्ट्याच्या सावध मालकापेक्षा संकटाच्या अधिक जवळ असतो. जाहिरातीत 'सुधारित' हा शब्द घालून तारीख न देणारा विक्रेता तर त्याहून चतुर.

काही मेकॅनिक काम झाल्यावर बॉनेटच्या आत एक लहानशी चिठ्ठी चिकटवितात: तारीख, किलोमीटर आणि बदललेल्या भागांची नावे. मालक बदलतो, बिले हरवतात, पण ती चिठ्ठी गाडीबरोबर जाते. आणि पंधरा वर्षांनी बॉनेट उघडणारा कोणी अनोळखी माणूस ती वाचतो व गाडी सुरू न करता ओढून गॅरेजात नेतो.