पाय गेला तर?

माझा भाचा बोरिवलीत राहतो. नुकताच बारावी कॉमर्स पास झालाय आणि त्याच्यासमोर दोन फॉर्म आहेत. एक बी.कॉम.चा. दुसरा परराज्यातल्या एका फुटबॉल क्लबच्या युवा संघाचा. तीन वर्षं तिकडे राहायचं, राहणं-जेवण क्लबचं, महिन्याला थोडे पैसे हातात. दोन वेळा सराव, मधे जिम, त्यामुळे कॉलेजच्या ७५ टक्के हजेरीचं नाव काढायचं नाही.

ताईने मला रविवारी जेवायला बोलावलं. "तू समजाव त्याला," म्हणाली. त्याच्या आदल्याच रात्री भाच्याचा फोन येऊन गेला होता. "मामा, तू आईला समजाव."

मध्ये चार दिवस होते. त्या चार दिवसांत जे डोक्यात फिरलं ते लिहितोय.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. मी कॉलेजच्या टीममधून खेळायचो, लेफ्ट बॅक. एकोणिसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि खेळ संपला. डिग्री होती म्हणून नोकरी लागली. म्हणजे ताईच्या युक्तिवादाचं चालतंबोलतं उदाहरण मीच आहे. पण पूर्ण वेळ खेळलो असतो तर किती बरा झालो असतो, हे मला आता कधीच कळणार नाही, आणि अंधेरीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की हा विचार अजून येतो. तेव्हा भाच्याच्याही युक्तिवादाचं उदाहरण मीच.

भाच्याच्या पिढीसमोर एक गोष्ट आहे जी आमच्यासमोर नव्हती. २०२२ मध्ये गोव्यात रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. त्यात आयएसएल क्लबांचे युवा संघ होते, बहुतेक खेळाडू एकविशीच्या आतले. नवी मुंबईत घणसोलीला त्याच फाउंडेशनची निवासी अकादमी २०१५ पासून आहे, तिचाही संघ त्यात होता. आमच्या वेळी सतरा ते एकवीस या वयात फुटबॉल खेळायचं म्हणजे कॉलेजकडून खेळायचं, स्पोर्ट्स कोट्यातून ॲडमिशन घ्यायची आणि उरलेल्या वेळात मैदान शोधायचं. आता निदान कल्पनेत तरी कॉलेजला पर्याय असा एक रस्ता आखला गेलाय.

आणि त्या रस्त्याच्या टोकाला काय आहे, ते भाच्याने घराजवळ पाहिलंय. १७ मार्च २०१९, अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, आयएसएलची फायनल. बेंगळुरू विरुद्ध गोवा, जादा वेळ सुरू, ११७वं मिनिट. कॉर्नरवर हेडर मारून सामना जिंकून दिला राहुल भेकेने. मुंबईचा मुलगा, बचावपटू, आणि गोल मुंबईतच. भाचा तेव्हा शाळेत होता. तो गोल त्याने फोनवर किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नाही. आझाद नगर मेट्रो स्टेशनवरून जाताना तो अजूनही स्टेडियमच्या दिशेने मान वळवतो. (मीही वळवतो, फक्त कोणी बघत नसताना.)

ताईचा प्रश्न मात्र एकच आहे. "पाय गेला तर?"

हा प्रश्न नवीन नाही. मुंबईने पूर्वी त्याला एक उत्तर शोधलं होतं. आमच्या बाबांच्या बँकेत एक गृहस्थ होते, ते बँकेच्या फुटबॉल टीममधून खेळायचे. दहाला येऊन मस्टरवर सही, दुपारी जेवून प्रॅक्टिसला पसार. बाकीचे कारकून कुरकुरायचे. पण गुडघे संपले तेव्हा ते गृहस्थ निमूटपणे काउंटरवर येऊन बसले आणि पेन्शन घेऊन रिटायर झाले. रेल्वे, बँका, एअर इंडिया, ओएनजीसी, महिंद्र, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. महिंद्र युनायटेड २००५-०६ ला नॅशनल फुटबॉल लीगची विजेती झाली, ती याच परंपरेतून आलेली टीम. खेळाडू कागदावर कर्मचारी, प्रत्यक्षात फुटबॉलपटू. थोडा ढोंगीपणा होता त्यात. पण पाय गेला तर टेबल होतं.

मग आपण प्रोफेशनल झालो. महिंद्रने २०१० मध्ये संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून बाहेर गेले, कारण क्लब परवान्याच्या निकषांत असे कंपन्यांचे संघ बसत नव्हते. निकष चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. क्लब हा क्लब असावा, त्याला स्वतःचे युवा संघ असावेत, हे बरोबरच आहे. पण त्या बदलात एक गोष्ट गुपचूप या हातातून त्या हातात गेली. ती म्हणजे जोखीम. आधी ती कंपनीच्या आस्थापना खात्यात होती. आता ती बोरिवलीच्या वन बीएचकेमध्ये येऊन बसली आहे.

आणि क्लबच उरला नाही तर? २००७ मध्ये मुंबई एफसी सुरू झाला, २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि मिटला. इंडियन ॲरोज हा तर फुटबॉल महासंघाचाच, खास होतकरू पोरांसाठी काढलेला संघ. २०१० ला सुरू, २०१३ ला बंद, २०१७ ला परत सुरू, २०२२ ला परत बंद. जेजे, प्रीतम कोटल, जीक्सन सिंग हे त्यातून गेले, भारतासाठी खेळले. म्हणजे कल्पना चांगलीच होती. टिकली नाही एवढंच. आणि २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा हंगाम थांबवत असल्याचं क्लबांना कळवलं, कारण महासंघाबरोबरचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. ज्या शिडीवर चढायला पोरं कॉलेज सोडणार, ती शिडी ज्या भिंतीला टेकवली आहे ती भिंतच हलत होती.

हे फक्त आपल्याकडचं दारिद्र्य आहे असंही नाही. अमेरिकेत एनबीएने २०२० मध्ये बास्केटबॉलसाठी जी लीग इग्नाइट नावाचा संघ काढला, नेमका कॉलेजला पर्याय म्हणून. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना चांगले पैसे, बरोबर प्रशिक्षण. आपल्या पंजाबचा प्रिन्सपाल सिंग त्या पहिल्या संघात होता. पण २०२१ पासून तिकडच्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, प्रसिद्धीवर पैसे कमावायची मुभा मिळाली, मुलं परत कॉलेजकडे वळली आणि २०२४ मध्ये इग्नाइट बंद. पैसा असलेल्या देशात, पैसा असलेल्या खेळात पर्याय चार हंगाम चालला.

आता इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मी ताईच्या बाजूला झुकलोय. थांबा.

कारण बी.कॉम. म्हणजे तरी कुठे खात्री आहे? आणि पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी हजारो मुलं काय करतायत? विशीची पाच-पाच वर्षं, आईबापाच्या पैशाने, मूठभर जागांसाठी. त्याला आपण जुगार म्हणत नाही, तयारी म्हणतो. पुस्तक हातात असलं की वाया गेलेलं वर्षही सभ्य दिसतं. चेंडू पायात असला की तेच वर्ष उनाडकी. ताईच्या सोसायटीत हा फरक अगदी स्पष्ट आहे. लिफ्टमध्ये "सध्या काय करतो?" या प्रश्नाला "एमपीएससी" हे उत्तर चालतं.

तेव्हा जोखीम आहे म्हणून रस्ता वाईट, हे मला पटत नाही. सतराव्या वर्षी स्वतःच्या शरीराच्या जोरावर काही करून बघावंसं वाटणं यात शहाणपणही असू शकतं, कारण शरीर थांबत नाही. बी.कॉम. पंचविसाव्या वर्षीही होतं.

मला बोचतं ते वेगळंच आहे. बी.कॉम.च्या वर्गात साठ मुलं असतात. एक जण पुढे सीए झाला तर तो बाकीच्या एकोणसाठांमुळे झालेला नसतो. फुटबॉलमध्ये तसं नाही. एका पोराचा राहुल भेके व्हायचा तर त्याच्यासमोर रोज दहा चांगले फॉरवर्ड धावायला हवेत, त्याला चुकवायला हवेत, त्याच्या खांद्यावर आदळायला हवेत. समोर लीगभर सामने खेळायला आणखी संघ हवेत. डेव्हलपमेंट लीग ज्यांना घडवते ते मोजके असतात आणि ज्यांच्यावर घडवते ते पुष्कळ. ती पुष्कळ मुलं नापास झालेली नसतात, त्यांनी काम केलेलं असतं. त्यांची तीन वर्षं त्या एकाच्या पायात उतरलेली असतात. म्हणून लीगने त्यांना जाताना "बेस्ट ऑफ लक" म्हणून चालणार नाही, ती त्यांचं देणं लागते.

इंग्लंडच्या अकादम्यांत सोळा ते अठरा वयाच्या पोरांच्या करारात शिक्षण धरलेलंच असतं, सराव सांभाळून वर्ग करावेच लागतात. आपल्याकडे तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभं आहे, हजेरीची सक्ती नाही, फीही झेपण्यासारखी. क्लबने ती फी भरायची. विमा काढायचा. करार मध्येच तुटला तर सहा महिन्यांचे पैसे द्यायचे. एका परदेशी खेळाडूच्या विमानाच्या तिकिटांपुढे हा खर्च काय आहे?

रविवारी हेच सांगायचं ठरवून बोरिवलीला गेलो. मी क्लबचे कागद मागितले. भाच्याने मोबाइलवर पीडीएफ उघडून दिली. अकरा पानं. दुखापतीबद्दल एक वाक्य होतं: उपचाराचा निर्णय क्लब घेईल. उपचाराचे पैसे कोण देईल, ते नव्हतं. शिक्षणाबद्दल काहीच नव्हतं. मुलाने क्लब सोडला तर काय, यावर दीड पान होतं. क्लबने मुलाला सोडलं तर काय, यावर दोन ओळी.

"हे तू वाचलंस?" मी विचारलं.

"पगाराचं पान वाचलं," तो म्हणाला.

दाजी इतका वेळ टीव्ही बघतायत असं वाटत होतं. ते उठले, चष्मा घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. "प्रिंट काढून आणू का खालून?" म्हणाले.

प्रिंट आली. मग जेवणं बाजूला राहिली आणि आम्ही चौघांनी पेनाने समासात प्रश्न लिहायला सुरुवात केली. विमा किती रकमेचा? फी कोण भरणार? गेल्या तीन वर्षांत किती मुलं घेतली, किती सोडली, ती आता कुठे आहेत? हा शेवटचा प्रश्न ताईचा. भाचा आधी गप्प होता. त्याला वाटत होतं, एवढे प्रश्न विचारले तर ते दुसऱ्या कोणाला घेतील. तसं होऊही शकतं, मी काही त्याला खोटा धीर दिला नाही.

शेवटी त्याने स्वतः पेन घेतलं आणि नवव्या पानावर, दुखापतीच्या त्या वाक्याशेजारी, बारीक अक्षरात लिहिलं: माझ्या आधीच्या लेफ्ट बॅकचं काय झालं?

तो लेफ्ट बॅक खेळतो हे मला माहीत होतं. तरी ते वाचताना मी उगाच गुडघा चोळला. मंगळवारी मेल गेली. बी.कॉम.च्या फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते.