मोकळी जागा कोणाची?



ज्या जागेवर कोणाला मज्जाव नाही, ती जागा सर्वांची झाली असे म्हणता येईल काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात आपल्या आचरणाची परीक्षा आहे.

मागे श्रावणमासात प्रवचनानिमित्त तिगावला गेलो होतो. सायंकाळी पारावर मंडळी बसली होती. कडेला एक मुलगा उभा होता. "बाळ, बस की," असे मी म्हणालो. तो संकोचून म्हणाला, "आमी इथं नाही बसत, महाराज." मंडळी म्हणाली, "त्याला कोणी अडवलं नाही." ते खरेच होते. अडवले कोणी नव्हते. बोलावलेही कोणी नव्हते. मीही त्याचा हात धरला नाही. वेळ झाली म्हणून उठलो आणि त्या रात्री समतेवरच बोललो! ते आठवले की आजही मान खाली जाते.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली संमत झाला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर तेथे जाईपर्यंत ते पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही. पुढे राज्यघटनेच्या 15व्या अनुच्छेदाने विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक वावराच्या जागा यांबाबतचा भेदभाव निषिद्ध केला. दक्षिण आफ्रिकेत 1953 च्या कायद्याने उद्याने व समुद्रकिनारेसुद्धा वर्णानुसार वाटता येत. तो कायदा 1990 साली रद्द झाला. फळ्यावर लिहिलेली बंदी एका दिवसात पुसता येते. मनात मुरलेली बंदी कोणी पुसावी?

आपल्याच छिंदवाडा-सिवनी भागातील पेंचचे रान पाहा. करमणुकीसाठी येणारा तेथे पाहुणा, आणि पिढ्यान्‌पिढ्या मोह वेचून जगणारा गोंड बांधव मात्र राखीव रानात परका! वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे 2006 च्या वनहक्क कायद्याने स्वतःच मान्य केले आहे.

कोणी म्हणेल, "जागा खुली आहे, ज्याला यायचे तो येईल." परंतु ज्याच्या आजोबांना तेथून हाकलले गेले, त्याचे पाऊल आपोआप कसे पडावे? पहिले पाऊल टाकण्याचे ऋण आधीपासून बसलेल्यावर आहे. बाराव्या शतकात कल्याण येथे महात्मा बसवण्णांनी केवळ दार उघडे ठेवले नाही. मादार चेन्नय्या, डोहर कक्कय्या यांना त्यांनी आपले वडीलधारे मानले, हरळय्यांना शरणांच्या पंक्तीत मानाचे स्थान मिळाले. इष्टलिंग धारण करणारा तळहात कोणत्या कुळाचा, हे शरणांनी विचारले नाही.

म्हणून सद्भक्तहो, पार असो, बाग असो की मठाचे अंगण, "कोणाला मनाई नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. थोडे सरका, नावाने हाक मारा, शेजारी बसवा. ती सरकून दिलेली वीतभर जागा हीच खरी लिंगपूजा होय.