गढीतले सात हंडे

मराठवाड्यात जिथे गढी आहे तिथे धनाच्या हंड्याची गोष्ट आहेच. कंधार-मुखेडकडे विचारा नाहीतर औसा-निलंग्याकडे. बुरूज ढासळलेला, आत बाभळी माजलेल्या, आणि पारावरचा कोणीतरी सांगतो की जुन्या पाटलांनी इथे सात हंडे पुरले आणि त्यांवर नाग राखणीला बसवला. या गोष्टीला नुसते हसणे मला बरोबर वाटत नाही. गावात बँक नव्हती, दरोड्याची भीती होती, आणि 1947-48 मध्ये रझाकारांच्या धाकाने कितीतरी कुटुंबे घरदार टाकून निजामाच्या हद्दीबाहेर गेली. दागिने सोबत न्यावेत तर वाटेत लूट, मागे ठेवावेत तर घरच जाळले जाण्याची धास्ती. अशा वेळी माणसांनी चुलीखाली, गोठ्यात जिन्नस पुरले तर त्यात नवल काय? लोक धन पुरत असत, हे खरेच आहे. पण ते याच गढीत पुरले, हे वेगळे विधान झाले आणि त्याला वेगळा पुरावा हवा. गुप्तधनाच्या फसवणुकीत ही दोन विधाने गुपचूप एक केलेली असतात.

‘गढीत सात हंडे आहेत’ हे वाक्य जरा सोलून पाहू. सांगणाऱ्याला विचारले, तुम्ही पाहिले का? तो म्हणतो, आजोबा सांगायचे. आजोबांनी पाहिले होते का? नाही, त्यांना वाड्यावरच्या सालगड्याने सांगितले. आणि सालगड्याने काय पाहिले? एका रात्री पाटील कंदील आणि कुदळ घेऊन बुरुजाकडे जाताना पाहिले. एवढा एक ऐवज तळाशी उरतो. कंदील, कुदळ, बुरुजाकडची वाट. हंडे त्याच्या नंतर आले, सात हा आकडा त्याहून नंतर आला, आणि नाग तर सगळ्यांत शेवटी येऊन बसला. यात कोणी खोटे बोलले असेलच असे नाही. प्रत्येकाने आपल्याला जे उघड वाटले ते भर घालून पुढे दिले, आणि कुठे पाहणे संपले नि कुठे वाटणे सुरू झाले याची खूण कोणी ठेवली नाही.

ही खूण कशी ठेवावी हे 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात फार सुंदर सांगितले होते. तथ्य म्हणजे काय हे समजावताना तिथे जी उदाहरणे दिली, त्यांत माणसाने अमुक शब्द उच्चारले हे एक तथ्य, आणि माणसाचे अमुक मत आहे हेही एक तथ्य, असे म्हटले होते. म्हणजे आजोबा ‘गढीत धन आहे’ असे म्हणत, हे तथ्य असू शकते आणि ते ऐकणारा शपथेवर सांगू शकतो. मात्र या तथ्यातून आजोबांबद्दल कळते, गढीबद्दल नाही. गढीबद्दल बोलायचे तर ज्याने स्वतः पाहिले त्यानेच बोलावे, अशी त्या कायद्याची अट होती. तज्ज्ञाला मत देण्याची मुभा होती, पण त्याचे मत कशावर उभे आहे, ती कारणेही न्यायालयापुढे येऊ शकत. मला यातली ही कारणांची बाब सर्वांत मोलाची वाटते.

आता पायाळू माणसाचे पाहा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, ही समजूत आपल्याकडे घरोघर माहीत आहे. मांत्रिक अशा माणसाला बसवतो, तो ‘दिसते’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. भाषा साक्षीदाराची आहे खरी, पण तो जे पाहिल्याचे सांगतो ते दुसऱ्या कोणाला पाहता येत नाही, तपासता येत नाही. आपल्या नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले, तेही आप्ताच्या शब्दाला. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खरे बोलतो त्याच्या. पायाच्या बाजूने जन्मणे या दोन्हींत कुठेच बसत नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1972 ते 1974 या काळात बायका आणि कोवळ्या मुलींचे खून झाले, आणि अपत्य व गुप्तधन यांसाठी दिलेले ते बळी होते असे तपासातून पुढे आले. पुढे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला. तपासता न येणारे मत तथ्याच्या जागी बसवले की त्याची किंमत कोण मोजते, हे मानवतने दाखवले आहे.

शिकलेली माणसेही इथे घसरतात. 2013 मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, डौंडिया खेडा इथे, एका साधूला हजार टन सोन्याचे स्वप्न पडले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने उपकरणे लावली आणि पाच ते वीस मीटर खोलीवर काही वेगळे आढळते, तो धातू किंवा मिश्रधातू असू शकतो, असा सावध अहवाल दिला. त्या अहवालातले तथ्य उपकरणाचे वाचन एवढेच होते. ‘असू शकतो’ हे अनुमान होते. लोकांनी त्या अनुमानाला स्वप्नातले हजार टन जोडले, आणि मोजमापाने स्वप्नाला दुजोरा दिला असे वातावरण झाले. पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात खापरे, बांगड्यांचे तुकडे असे जुन्या वस्तीचे अवशेष निघाले. सोने निघाले नाही.

म्हणून मत टाकाऊ, असे मी म्हणत नाही. मताशिवाय शोध एक पाऊलही पुढे जात नाही. 1939 मध्ये सापडलेल्या वाशीमच्या ताम्रपटात वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याने दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि त्यात नांदीकट हे नाव येते. पत्र्यावर ते नाव कोरले आहे, हे कोणीही जाऊन वाचावे. नांदीकट म्हणजे आजचे नांदेड, हे अभ्यासक वा. वि. मिराशींचे मत, आणि ते नावाच्या व प्रदेशाच्या आधारावर उभे आहे. राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरचे स्वामी म्हणवत हेही लेखांत आहे. लत्तलूर म्हणजे लातूर हे अभ्यासकांचे अनुमान. दोन्ही अनुमाने मला पटतात. तरीही कोरलेले अक्षर आणि पटलेले अनुमान मी एका ओळीत लिहिणार नाही.

लातूरशेजारच्या तेरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी ग्रंथात आहे. ते हरवलेले शहर कोणी देवगिरीला शोधले, कोणी जुन्नरला, कोणी धारूरला. 1901 मध्ये अभ्यासक फ्लीटने ते तेर असल्याचे मांडले. पुढे तिथल्या पांढरीतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती निघत राहिल्या. माळवदावर घालायला लोक ती पांढरी माती खणून नेत, त्यातून वर येणाऱ्या वस्तू गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपल्या, आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तिथे उभे आहे. फ्लीटचे मत तथ्याच्या जवळ गेले ते अशा पुराव्याने. त्याच संग्रहाकडे पाहताना एक हळहळही वाटते. मणी हातात आहे, पण तो मातीच्या कोणत्या थरातून आला, शेजारी काय होते, हे खणणाऱ्याच्या फावड्याबरोबर गेले.

शेतात नांगराला गडू लागला तर हेच पुन्हा घडते. समजा त्यात निजामाच्या राज्यातले हाली रुपये आहेत आणि एकावर हिजरी 1361 असे साल आहे. म्हणजे तो गडू इसवी सन 1942 च्या आधी पुरलेला असू शकत नाही, हे अनुमान खडकासारखे पक्के, आणि ते सात पिढ्यांच्या दंतकथेला एका फटक्यात बाजूला करते. पण कोणी ते नाणे आधीच सोनाराकडे दिले तर उरते फक्त दंतकथा. 1878 चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडणाऱ्याकडून जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवण्याची अपेक्षा करतो, आणि विचारतो काय? काय सापडले व साधारण किती किमतीचे, कुठे, आणि कोणत्या तारखेला. धन कोणाचे असावे हे त्याला विचारतच नाही. त्यासाठी जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना हजर राहायला सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख मिळते. ज्या घरात आजी म्हणत असे, तांब्याच्या गडूत पुतळ्यांची माळ आणि दोन गोठ ठेवून आम्ही रझाकारात निघालो, त्या घराने यावे. आजीचे बोल गडू सापडण्याच्या आधीपासून चार जणांनी ऐकलेले असतील आणि गडूत नेमकी पुतळ्यांची माळ व दोन गोठ असतील, तर त्या शब्दाला वजन येते. गडू उघडल्यावर आठवलेल्या गोष्टीला ते येत नाही.