कुळधर्म आणि नाताळ

मनुष्याची श्रद्धा बदलली म्हणजे त्याची नातीही बदलतात काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत फारसा चर्चिलेला नाही. परंतु महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या माजघरांत तो गेली दोनशे वर्षे कुजबुजत्या आवाजात विचारला गेला आहे. आमच्या घरात तो दरवर्षी डिसेंबर महिन्यात, कापडात शिवलेल्या आणि लाखेची मोहोर केलेल्या एका पितळी डब्याच्या रूपाने येत असे. त्या डब्याविषयी लिहिण्याचे मी पुष्कळ वर्षे टाळले. आता टाळण्यासारखे वय उरलेले नाही.

आमचे गाव शिरढोण. पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कर्नाळ्याचा अंगठा डोळ्यांसमोर दिसू लागला, की आमचे गाव येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मस्थान. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते येथे जन्मले. शिरढोणच्या मुलाला मुळाक्षरांबरोबरच त्यांची कथा पाठ होते, आणि त्या कथेतील एक प्रसंग तर आम्ही मुले डोळ्यांत पाणी आणून ऐकत असू. फडके पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीस असताना, १८७० च्या सुमारास, त्यांची आई गावी आजारी पडली. त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. आणि ते घरी पोचले तेव्हा आई निघून गेलेली होती. परकी सत्ता म्हणजे काय, हे आम्हांस कराच्या आकड्यांवरून कळले नाही; मुलाला आईच्या अंथरुणापाशी येऊ न देणारी ती सत्ता, एवढी साधी व्याख्या आमच्या मनात रुजली होती. ही व्याख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे मला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

माझे धाकटे काका तरुणपणी शिक्षणासाठी नगरास गेले आणि तेथे ख्रिस्ती झाले. कोणी त्यांना फसविले नव्हते आणि कसले आमिषही दाखविले नव्हते. वाचून, विचार करून आणि बहुधा पुष्कळ रात्री जागून त्यांनी तो निश्चय केला होता. आजोबांनी त्यांचे नाव घरात घेण्यास मनाई केली. आजीने ती पाळली. तिने ते नाव कधी घेतले नाही. मात्र नाताळ जवळ आला, की ती दुपारची पडवीत बसून टपालवाल्याची वाट पाही.

डब्यात करंज्या असत, शंकरपाळे असत, कधी अनारसे असत. केक मात्र कधीही नसे, आणि सोबतच्या चिठ्ठीत सर्व पदार्थ घरच्या तुपातले असून अंड्याचा कशालाही स्पर्श नाही, असे दरवर्षी न चुकता लिहिलेले असे. आजी ते पदार्थ आम्हां मुलांना पडवीत बसवून वाटी. स्वतः ती एक कणही तोंडात घालीत नसे. ख्रिस्त्याच्या चुलीवरचे तिला चालणे शक्य नव्हते. परंतु डबा घासूनपुसून ती त्यात कडवे वाल आणि आमसुले भरी, आणि तो पुन्हा कापडात शिवून नगरास धाडी. आजोबांनी एकदा विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "रिकामा डबा परत करू नये." यावर आजोबांपाशी उत्तर नव्हते, कारण हाही कुळधर्मच होता.

काकांच्या जेवणाला हात न लावणारी आजी असहिष्णु होती, असे आजचा वाचक सहज म्हणेल. मला तसे वाटत नाही. तिने आपली श्रद्धा सोडली नाही आणि मुलालाही सोडले नाही. दोन्ही एकाच वेळी धरून ठेवण्यास जी जागा लागते, ती तिने एका पितळी डब्याएवढी का होईना, पण निर्माण केली होती. सर्व धर्म सारखेच, असे म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. त्यात काही द्यावे लागत नाही. आजीला सर्व धर्म सारखे वाटत नव्हते, आणि काकांनाही वाटत नव्हते. तसे वाटते तर त्यांनी एवढी किंमत देऊन धर्म बदललाच कशाला असता? भेद खरा होता, आणि तो खरा मानूनच दोघांचे देणेघेणे चालू होते. माझ्या मते खरी सहिष्णुता तीच.

मराठी वाचकांना या विषयावर अधिक मोठे उदाहरण ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पतीच्या जवळ राहावयास आल्यावरही त्यांनी आपले सोवळे एकदम सोडले नाही. आणि पुढे जेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तेव्हा स्वतःच्या विचाराने झाल्या. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रां'चे मोठेपण मला यात वाटते, की तेथे कोणालाच खलपुरुष केलेले नाही. टिळकांची सत्यनिष्ठा जितकी उघड दिसते, तितकेच त्यांच्या निश्चयाखाली चिरडलेले पत्नीचे दुःखही दिसते. धर्मांतर करणारा आपल्या सद्सद्विवेकाचे ऐकतो हे खरे. पण त्याचे मोल पुष्कळदा दुसऱ्यांच्या डोळ्यांतून वाहते, हेही तितकेच खरे. माझ्या काकांनाही मी या हिशेबातून सूट देत नाही. आजोबा निष्ठुर होते, असे मी लहानपणी समजत असे. आता वाटते, की ते घायाळ झालेले होते, आणि घायाळ मनुष्याला निष्ठुर होण्याखेरीज दुसरे काही सुचले नव्हते.

आणि ज्याच्या जन्माचा हा सण, त्याच्या चरित्रात तरी हा प्रश्न सुटलेला आहे काय? आई व भाऊ दाराशी भेटीस आले असता, देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारे तेच माझे आई-भाऊ, अशा अर्थाचे उत्तर येशूने दिल्याचे मार्काने लिहिले आहे. आईचे काळीज बाळगणाऱ्या कोणालाही ते उत्तर झोंबल्यावाचून राहणार नाही. परंतु योहानाच्या शुभवर्तमानात तोच येशू क्रुसावर प्राण जात असताना आईला आपल्या शिष्याच्या हवाली करतो. म्हणजे श्रद्धेसाठी ज्याने नाते मागे सारले, त्यालाही शेवटच्या घटकेस नात्याचे ऋण विसरता आले नाही. लूकाची जन्मकथा तर मला याहूनही बोलकी वाटते. योसेफ बेथलेहेमास गेला तो दाविदाच्या कुळातला म्हणून, आपल्या पूर्वजांच्या गावी. आणि त्या कुळाच्या गावातच त्याच्या गर्भवती पत्नीला उतरावयास जागा मिळाली नाही. आपल्याकडे आळंदीच्या विठ्ठलपंतांची कथा याहून निराळी नाही. गुरूच्या आज्ञेने संन्यास सोडून ते घरी परतले, आणि त्यांच्या मुलांना गावाने 'संन्याशाची पोरे' म्हणून दूर लोटले. त्याच मुलांतील एकाच्या ओव्या आज आम्ही देवघरात वाचतो. दार लावून घेणारे गाव सर्व धर्मांत असते.

आता मी माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतो.

१९६८ च्या डिसेंबरात आजी आजारी पडली. आजोबा पूर्वीच वारले होते. दुखणे चार दिवस चालले. म्हणजे नगरास तार पोचून मनुष्य शिरढोणास येण्यास पुरेसा अवधी होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आणि सायकल काढून पनवेलच्या तारऑफिसात जाणे हे माझेच काम होते. परंतु घरातील वडील मंडळींनी विचार केला. काका आले आणि खांदा देतो म्हणाले तर भटजी काय म्हणतील? बहिणीचे लग्न ठरत आले होते. तिकडच्या मंडळींना हे कळले तर? यांपैकी एकही भीती काल्पनिक नव्हती. "तार उद्या करू," असे ठरले. दुसऱ्या दिवशीही तसेच ठरले. तिसऱ्या दिवशी आजीने मला जवळ बोलावले, आणि इतक्या वर्षांत न घेतलेले ते नाव घेऊन विचारले, "त्याला कळवलंत का रे?"

मी म्हणालो, "हो आजी, तार केली."

त्यानंतर रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज झाला, की तिचे डोळे दाराकडे वळत. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. आम्ही सुतकात असतानाच नगरहून डबा आला. पत्ता नेहमीसारखाच होता, आणि आतल्या चिठ्ठीत तुपाविषयीचे ते नेहमीचे वाक्य होते. वडिलांनी ती चिठ्ठी वाचली आणि ते बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत. तेराव्यानंतर त्यांनी काकांना पत्र लिहिले.

त्या दिवसांत एकदा मी फडक्यांच्या वाड्यावरून जात होतो, तेव्हा मला ती व्याख्या आठवली. मुलाला आईच्या अंथरुणापाशी येऊ न देणारी ती परकी सत्ता. येथे तर कचेरी नव्हती, साहेब नव्हता, रजेचा अर्जही नव्हता. साहेबाने केले तो अन्याय, आणि आम्ही केली ती मर्यादा! ज्या धर्माच्या नावाने आम्ही हे केले, तो धर्म तर मातृऋण हे फिटत नाही असे सांगतो. आम्ही धर्म राखला नव्हता; लोकांना काय वाटेल याचे भय राखले होते, आणि त्या भयाला धर्माचे सोवळे नेसविले होते.

पुढल्या वर्षीच्या नाताळात वडिलांनी मला नगरास पाठविले. आईने डबा वाल आणि आमसुले घालून भरून दिला होता. काकांच्या दारावर कागदी चांदणी लावलेली होती. ती पाहून मला आमच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाची आठवण झाली. सकाळी ते प्रार्थनामंदिरात जाऊन आले; दुपारी काकूंनी माझे पान वाढले, आणि मी जेवलो. रात्री शेजारची मंडळी जमून टाळ-मृदंगावर भजने झाली. त्यांत टिळकांची पदे होती. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या त्या कवीने आपल्या नव्या प्रभूलाही जुन्या वारकरी चालींवर आळविले होते. पद कोणाला उद्देशून आहे हे शब्दांकडे लक्ष दिल्यावाचून कळू नये, इतके ते सूर माझ्या ओळखीचे होते. प्रार्थनेत काकांनी आपल्या आईचे नाव घेतले.

मंडळी गेल्यावर मी त्यांना सर्व सांगितले. तार केली नाही हे, आणि खोटे बोललो हेही. ते बराच वेळ डब्याच्या झाकणावरून हात फिरवीत बसले. मग त्यांनी एकच विचारले, "म्हणजे, मी येतो आहे असं समजूनच ती गेली?"

मी मान हलविली. ते म्हणाले, "बरं झालं. मी आलोच नाही असं समजून तरी नाही गेली."

हे उत्तर म्हणजे क्षमा होती काय? त्यावेळी मला तसे वाटले आणि हलके वाटले. पुढे विचार करता वाटू लागले, की त्यांनी माझ्या खोटेपणातून आपल्यापुरते एक सांत्वन उचलून घेतले; त्याने माझा खोटेपणा खरा होत नाही. आजीची वाट पाहणे तर कोणीच परत घेऊ शकत नाही. क्षमा मिळणे आणि ऋण फिटणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मी तेथे शिकलो.

या सर्वांतून माझ्या हाती काही सिद्धान्त लागला असेल तर तो इतकाच. श्रद्धा मनुष्य स्वीकारतो, पण नाते त्याला आयते मिळते. आपण कशावर विश्वास ठेवावा हे कळू लागण्यापूर्वीच कोणी आपल्याला न्हाऊमाखू घातलेले असते, आपल्या आजारात रात्री जागविलेल्या असतात. ते ऋण श्रद्धेच्या आधीचे असल्यामुळे श्रद्धेतील भेदाने ते रद्द होत नाही. ना धर्म बदलणाऱ्याच्या बाजूने, ना न बदलणाऱ्यांच्या. उलटपक्षी, ते ऋण दाखवून दुसऱ्याच्या अंतःकरणावर हक्क सांगण्याचा अधिकारही नात्याला नाही. आजोबांनी मुलाच्या श्रद्धेवर हक्क सांगितला, आणि आम्ही त्याचे आईवरील प्रेम नाकारले. दोन्ही ठिकाणी आम्ही परक्या हद्दीत शिरलो. आजी मात्र कधी शिरली नाही. तिला हद्द कोठे आहे हे ठाऊक होते. म्हणूनच तिला हद्दीवरून देवघेव करता आली.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांची मुले व आम्ही एकमेकांच्या घरी जेवतो; लग्नकार्यांत आता कोणी कोणाला विचारीत नाही. ही सुधारणा आमच्या पुण्याईने झाली, असे मी म्हणणार नाही. काळाने ती आम्हांला फुकट दिली, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कळत नाही. म्हणून दर डिसेंबरात तो डबा मी स्वतः घासतो. माझा देव बदललेला नाही. नाताळ हा माझा सण नव्हे, आणि तो माझा आहे असे म्हणून मी त्याचा अपमान करणार नाही. परंतु वाल निवडताना माझा हात क्षणभर थांबतो, आणि रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला की मी दाराकडे पाहतो. मग वाल भरून मी डबा नगरास धाडून देतो. रिकामा डबा परत करू नये.