उंबऱ्याबाहेरचा वाटा

बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीवर जगणाऱ्या प्रदेशात सणांचे वर्ष बरेचसे जनावरांच्या कामावर बेतलेले असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते व दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळीचा घास मिळतो, वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. मात्र रात्रभर अंगण आणि खळे राखणाऱ्या कुत्र्याच्या नावे एकही तिथी नाही. नेपाळात नरक चतुर्दशीला कुत्र्याला टिळा लावून हार घालतात, त्या सणाला ‘कुकुर तिहार’ म्हणतात. मराठी घरात त्याच पहाटे अभ्यंगस्नान होते आणि फटाक्यांच्या पहिल्याच लडीला कुत्रे खाटेखाली शिरते.

याचा अर्थ परंपरेने कुत्र्याचा विचारच केला नाही, असा नव्हे. गृहस्थाच्या नित्याच्या पाच यज्ञांपैकी भूतयज्ञात, म्हणजे इतर प्राण्यांसाठी अन्न काढून ठेवण्याच्या विधीत, कुत्र्याचा वाटा ठरलेला होता. पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा घास कावळे-किड्यांच्या आणि समाजाने बाहेर टाकलेल्या माणसांच्या पंक्तीत, जमिनीवर ठेवायला सांगितला आहे, आणि दहाव्या अध्यायात तर कुत्री व गाढवे हेच चांडाळांचे धन ठरवून त्यांना गावाबाहेर वस्ती नेमून दिली आहे. कुत्र्याविषयीचा जुना दुरावा निव्वळ स्वच्छतेच्या कल्पनेतून आला, हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे वाटते. ज्या माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवायचे होते, त्यांच्याशी या प्राण्याचे नाव जोडले गेले होते.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात याच समजुतीला थेट आव्हान मिळते. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडल्यावर युधिष्ठिर एकटा उरतो, सोबतीला फक्त एक कुत्रे असते, आणि कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, असे इंद्र त्याला बजावतो. (पाहुण्याला ‘तुम्ही या, पण कुत्रे आणू नका’ असे सांगणारे यजमान या इंद्राचेच वारस म्हणावे लागतील.) आश्रयाला आलेल्याचा त्याग हे महापाप मानून युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो, तेव्हा ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते. पुढे मराठी भक्तिपरंपरेत भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आले, दत्ताच्या पायाशी चार वेदांचे रूप मानलेली चार कुत्री आली, स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवणारे वाघे आले. कुत्र्याचे स्थान देवाजवळ उंचावले. घरातले मात्र फारसे बदलले नाही.

घरातला बदल नोकरी आणि भाड्याच्या खोलीने घडवला. एकत्र कुटुंबात कुत्रे कोणा एकाचे नसल्यामुळे चार माणसे गावाला गेली तरी भाकर टाकायला पाचवे असे, आणि मोकळ्या रानात वाडा बसवणाऱ्या मेंढपाळाचे कुत्रे तर बिऱ्हाडाबरोबरच चालते. बाहेरगावाहून बुलढाण्यात किंवा चिखलीत नोकरीला आलेल्या एकट्या माणसाच्या बाबतीत ही वाटणीच नाहीशी होते; त्याचे कुटुंब म्हणजे तो आणि त्याचे कुत्रे, आणि दिवाळीची सुटी जवळ येऊ लागली की गावी जाण्याच्या ओढीआधी कुत्र्याला कोठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो.

व्यवस्थेने या प्रश्नाची दखल घेतली, पण अर्धवट. बुलढाणा शहराला रेल्वे नसल्याने मलकापूर गाठावे लागते, आणि कुत्रे सोबत न्यायचे तर पहिल्या वातानुकूलित वर्गाचा कूपे, म्हणजे दोन शायिकांचा बंद कप्पा, पूर्ण आरक्षित करावा लागतो. नाहीतर प्राण्याला गार्डच्या डब्यातील पेटीत एकटे पाठवावे लागते. प्राण्याला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला, परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त 50 रुपये, म्हणजे आज फुलबाज्यांच्या एखाद्या पाकिटाइतका. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली, ती माणसांच्या झोपेसाठी. कुत्र्याला माणसाच्या दुपटीहून अधिक वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात, आणि लक्ष्मीपूजनाची ऐन धामधूम तर दहाच्या आतच असते. म्हणून एकटा श्वानपालक त्या संध्याकाळी दारे-खिडक्या लावून, टीव्हीचा आवाज वाढवून घरीच बसतो. पूजा आटोपून गल्लीत उभे राहण्याचे सुख तो सोडून देतो.

मग उरते ती भाऊबीज. या सणाची कथा यमाने बहीण यमुनेच्या घरी जेवायला जाण्याची आहे, आणि ऋग्वेदानुसार यमाकडेही वाट राखणारी, चार डोळ्यांची दोन कुत्री आहेत. त्या दिवशी ती कोणाच्या हवाली केली होती, यावर कथा काही बोलत नाही. देवाला जे सांगावे लागले नाही ते एकट्या भावाला मात्र दसऱ्यापासूनच फोनवर समजावून सांगावे लागते, आणि बहिणीचे मन वळले तर ओवाळणीचे ताट या वर्षापुरते बुलढाण्यातच, त्याच्या खोलीत मांडले जाते.